मीटर बघत ऱ्हावा

मिस्त्रींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "क्लच झाला झक्कास. मीटर तेवढा बघत ऱ्हावा, साहेब."

गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी सोडताना डॉक्टरांनी "कानाकडे लक्ष असू द्या" म्हणावं, तसं ते वाक्य मला लागलं. मी गाडी दिली क्लचसाठी. मीटरचा विषय आला कुठून? विचारणार होतो, पण विचारलं तर समोरचा सावध होतो, हे माझं नोकरीतलं शिक्षण. म्हणून नुसतं "बरं" म्हणालो आणि गाडी घेऊन निघालो.

नोकरी माझी भूकरमापकाची. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत शेताच्या बांधांवरून साखळी ओढत आयुष्य गेलं. दोन सख्खे भाऊ माझ्यासमोर एकमेकांना चहा ओतून देत असायचे, आणि हद्दीचा दगड मात्र गेल्या मोजणीपासून हातभर सरकलेला असायचा. अशी माणसं रोज पाहिली की स्वभावाला वळण लागतं. घरी दूध उतू गेलं तर मी आधी विचारतो, पातेलं कुणी हलवलं.

गाडी सासऱ्यांची. गोल डोळ्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली, आता रस्त्यावर दिसली की लोक पोरांना कडेवर घेऊन दाखवतात तसली. सासरे गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि तिच्याबरोबर मिस्त्रीही आले, कारण सासऱ्यांनी तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. उत्रोलीच्या वाटेवर त्यांची पत्र्याची शेड. सत्तरीला टेकलेला माणूस. जुन्या मोटारी हा त्यांचा प्राण, पण शेडमध्ये आता येतात त्या मोटारसायकली. माझी गाडी आली की ते बॉनेटवर हात ठेवून आधी क्षणभर उभे राहायचे. सासरे गेल्यापासून मी तो हात बघत आलो होतो आणि मला कधी वाईट शंका आली नव्हती. त्या दिवशी मात्र आली.

घरी पोहोचेपर्यंत डॅशबोर्डच्या मागून खडखड ऐकू यायला लागली. ती मी अंगणातच, घरगुती उपायाने बंद केली. आवाज थांबला. पण दुसऱ्या दिवशी काटा नाचायला लागला. गाडी चाळिसाने चाललीय असं पायाला कळत होतं, आणि काटा तिसावरून साठावर, साठावरून परत तिसावर, लेझीम खेळल्यासारखा. मी मीटरभोवतीचे स्क्रू निरखून पाहिले. दोन स्क्रूंवर ताजे ओरखडे होते.

"मीटर उघडलाय," मी बायकोला म्हणालो.

"तुम्हीच नाही का सांगितलं, आतला दिवा गेलाय तो घाला म्हणून?"

सांगितलं होतं. पण संशयाला असल्या गोष्टींची अडचण होत नाही. दिव्याच्या निमित्ताने उघडलेला मीटर हा तर आणखी वाईट पुरावा.

त्याच आठवड्यात वेल्ह्याच्या पुढे सासुरवाडीला जत्रा होती. आमच्या भोरच्या दारापासून सासुरवाडीच्या पारापर्यंत, नसरापूरवरून, बावन्न किलोमीटर. वर्षानुवर्षं बावन्न. सासऱ्यांच्या काळातही बावन्नच, ते पारावर उतरताना आकडा मोठ्याने म्हणायचे. त्या दिवशी पारापाशी थांबलो आणि मीटरच्या खिडकीतले आकडे वाचले तर सत्तावन्न भरले.

रस्ता तोच. ना वळसा, ना विसरलेली पिशवी आणायला मागे फिरलो. पाच किलोमीटर आले कुठून? मी जत्रेत जेवलो, पण चव कळली नाही. परत येताना मोजलं. पुन्हा सत्तावन्न.

मग मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. रविवारी पुण्याहून जुन्या गाड्यांचे शौकीन भोरकडे येतात. चांगल्या कपड्यांतली माणसं, गावोगाव गोठ्यात डोकावून विचारतात, "मूळ मीटर आहे का हो कुणाकडे? मूळ आरसा?" माझा मीटर मूळ होता. काळी तबकडी, हस्तिदंती आकडे. मिस्त्रींनी तो काढून कुणा शौकिनाला दिला आणि माझ्या गाडीत भंगारातला दुसरा बसवला. आणि मन खात होतं म्हणून जाता जाता तोंडातून निघून गेलं, "मीटर बघत ऱ्हावा." मला माझ्या बुद्धीचं कौतुक वाटलं.

मी हे मनातच ठेवलं असतं तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण चारच दिवसांनी पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे माझ्यासारखीच जुनी गाडी होती, वडिलांची, पंधरा वर्षं झाकून ठेवलेली. ती पार उघडून, खिळा न् खिळा नीट करून पुन्हा उभी करायची होती. मिस्त्रींचं नाव कुणीतरी सुचवलं होतं, आणि मिस्त्रींनी जुनं गिऱ्हाईक म्हणून माझा नंबर दिला होता.

"माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं.

अशी अख्खी गाडी हातात यावी म्हणून मिस्त्री किती वर्षं वाट बघत होते ते मला ठाऊक होतं. "मरायच्या आदी एक गाडी नव्यानं जल्माला घालायचीय," असं ते मोटारसायकलच्या पंक्चरला ठिगळ लावताना म्हणायचे. हे सगळं ठाऊक असताना मी म्हणालो, "हात चांगला आहे. फक्त मीटर तेवढा सांभाळा."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आकडा लिहून ठेवा, एवढंच."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग "अच्छा, अच्छा," आणि फोन बंद. काहीच न बोलता सगळं बोलायची ही कला मी सरकारी नोकरीत मिळवलेली आहे.

आता आरोप केला होता, तर पुरावा हवा. मोजणीच्या माणसाने पंचनामा केल्याशिवाय राहायचं नाही. एका सकाळी बायकोला वही-पेन देऊन शेजारी बसवलं आणि नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. कडेला किलोमीटरचे दगड असतात. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत मीटर किती पुढे जातो ते लिहायचं. खिडकीतलं शेवटचं छोटं चाक किलोमीटरचा दहावा भाग दाखवतं, त्यामुळे मोजणी बारीक होणार होती.

पहिल्या दोन दगडांमध्ये एक पूर्णांक एक. पुढच्या टप्प्यात तेवढंच. मी मान डोलावली. तिसऱ्या टप्प्यात एक पूर्णांक सात. चौथ्यात फक्त अर्धा.

"बघ," मी गाडी बाजूला घेऊन म्हणालो. "कधी जास्त, कधी कमी. मूळ मीटर असं करेल? हा भंगाराचाच आहे."

"चौथा दगड हारात गुंडाळलेला होता," बायको म्हणाली. "तुम्ही बघितलात का?"

"दगडाला हार घालणं हा गुन्हा नाही. मीटर बदलणं आहे."

तिने वही मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसली. ती तिच्या वडिलांच्या गाडीत बसली होती आणि तिच्या वडिलांच्या मिस्त्रीवर मी चोरीचा आळ घेत होतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

दोन दिवसांनी सकाळी मिस्त्री दारात उभे. शेड सोडून ते कधी कुणाच्या घरी जात नाहीत. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"पुण्याचं साहेब न्हाई म्हणालं," ते म्हणाले. "गाडी देत न्हाईत. मी इच्यारलं का, तर म्हणालं तुमच्या माणसानंच सावध क्येलंय."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"म्या म्हणलं माझं काय चुकलं त्ये तरी कळू द्या. मीटर चोरला म्हनं. आता तुमी त्वांडानं सांगा, म्हंजी मला बी कळंल."

माझ्याकडे वही होती. मी ती उघडून त्यांच्यापुढे धरली, बावन्नचे सत्तावन्न कसे झाले ते सांगितलं, काट्याचं लेझीम सांगितलं, आणि शेवटी दगडांचे चार आकडे बोट ठेवून वाचून दाखवले. कोर्टात नकाशा वाचावा तसे. ते ऐकत राहिले. बायको चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्याच वहीत बघून म्हणाली, "सतरा आणि पाच बावीस. दोन टप्प्यांचे बावीस म्हणजे टप्प्याला अकराच झाले की. सगळीकडे अकराच आहेत."

मिस्त्रींनी टोपी डोक्यावर घातली. "वैनी, ह्ये खरं बोललात. मीटर येकसारखा चुकतोय. चोर कदी येकसारखा चुकत न्हाई. मधला दगूडच जागंवर न्हाई."

"सरकारी दगड आहे तो," मी म्हणालो. आयुष्यभर सरकलेले दगड शोधून काढून ज्याने पगार घेतला, त्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य.

"मग काढा गाडी," मिस्त्री म्हणाले. "तुमची मोजायची टेप बी घ्या. माझा दोष निघाला तर आजपासून पान्हा हातात धरणार न्हाई. वैनींच्या समोर सांगतो."

तिघं निघालो. मिस्त्री पुढे माझ्याशेजारी. नसरापूर येईपर्यंत ते नाचणाऱ्या काट्याकडे बघत होते. नसरापूर सुटल्यावर म्हणाले, "काटा चुकला आन् आकडा बरोबर आसला, तर दुखणं मीटरमधी. काटा आन् आकडा दोन्ही मेले, तर वायर तुटली. ही वायर म्हंजी गिअरबॉक्सपासनं मीटरापत्तूर आलेली तार, आतल्या आत फिरती. आन् आकडा येकाच हिशेबानं चुकत आसला तर दुखणं खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हंजी खाली," ते म्हणाले.

चौथ्या दगडापाशी थांबलो. रस्त्याकडेला चार घरांची वस्ती, आणि दगड एका छोट्या ओट्यावर. हिरवं डोकं शेंदराखाली गेलेलं. अंगावर हार, पुढ्यात फुटलेला नारळ, बाजूला शेंदराची वाटी. "वेल्हे" मधला 'ल्हे' तेवढा हाराखालून दिसत होता. त्या दिवशी मी गाडीतूनच आकडा वाचला होता, उतरलो नव्हतो. शेजारच्या अंगणात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती.

बायकोनेच विचारलं, "आजी, हा दगड इथलाच का?"

"न्हाई गं बाई. त्यो पल्याड वढ्यापाशी व्हता. रस्ता रुंद क्येला तवा त्या यंत्रानं उपटून टाकला. महिनाभर गटारात लोळला. आमच्या पोरांनी ट्रॉलीत घालून हितं आणला. तवापासनं म्हशी गाभडायच्या थांबल्या." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी मोजणीचं साहेब न्हव का? आमच्या बांधाचा दगूड तुमीच धरला व्हता, दोन हात सरकला म्हणून."

"मीच," मी म्हणालो.

"ह्यो न्हाई गावला व्हय?"

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

मग त्यांनी म्हातारीला हात जोडून वाटीतला चिमूटभर शेंदूर मागून घेतला. मागच्या टायरला, जमिनीला टेकतो तिथे, बोटाने ठिपका लावला आणि तसाच ठिपका खालच्या डांबरावर. "हळू पुढं घ्या. म्या थांबा म्हणलं की थांबा." चाक एकदा पूर्ण फिरलं, ठिपका पुन्हा जमिनीला टेकला. तिथे त्यांनी दुसरा ठिपका ठेवला. दोन ठिपक्यांमध्ये माझ्याच टेपने मोजलं. एक टोक बायकोने धरलं.

"वाचा," मिस्त्री म्हणाले.

"पाच फूट साडेसात इंच."

"ह्या गाडीचं चाक येका फेऱ्यात सहा फूट दोन इंच जातं. तुमच्या सासऱ्यांच्या टायमाला मोजलंय, शेडच्या भितीवर खडूनं लिवलंय. टायर बारकं झालं की चाक जादा फिरतं. चाक जादा फिरलं की मीटर जादा मोजतो. मीटर काय वाईट न्हाई. त्याला चाक फिरल्यालं कळतं, गाव किती लांब त्ये न्हाई कळत." ते उठून उभे राहिले. "टायर कुणी बदललं, साहेब?"

आता ते सांगायलाच हवं, जे मी इतका वेळ वाचकांपासूनही जरा मागेच ठेवलं. क्लचच्या आधी महिनाभर टायर गुळगुळीत झाले होते. मिस्त्री म्हणाले होते, बरोबर मापाचे मागवतो, दोन महिने थांबा. मला जत्रेची घाई. नसरापूरला एका दुकानात गेलो. दुकानदाराने बजावलं, माप थोडं कमी आहे. मी म्हणालो, बसतात ना, मग बसवा. गोल ते गोल. मिस्त्रींना सांगितलं नाही, कारण रागावले असते. पुढे माझ्या अंगणातच गाडी उभी राहिली, मग क्लचला गेली, आणि जत्रेला निघेपर्यंत टायर माझ्या डोक्यातून पार गेले होते.

"मी," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. क्लचला गाडी आली तवाच दिसलं. पयल्या दिशी म्हणलं, साहेब आज सांगतील. दुसऱ्या दिशी म्हणलं, उद्या सांगतील. तिसऱ्या दिशी गाडी न्यायला आलात, तरी न्हाई सांगितलं. म्हणलं, आपुन तरी तोंडावर कसं बोलावं? म्हणून म्हणालो, मीटर बघत ऱ्हावा."

म्हणजे ते तीन दिवस माझ्या कबुलीची वाट बघत होते, आणि मी त्यांच्या कबुलीचं वाक्य गाठीला बांधून फिरत होतो.

"आन् काटा," ते म्हणाले. दार उघडून आडवे झाले, हात डॅशबोर्डच्या मागे खांद्यापर्यंत घातला. चाचपलं. "वायरीला वाकवलंय कुणीतरी. हिला काटकोन चालत न्हाई, आडकत आडकत फिरती, म्हणून काटा नाचतोय. ह्ये काय?"

हात बाहेर आला तेव्हा त्यात एक गच्च बोळा होता. त्यांनी तो उलगडला. बनियन. माझा. काखेत भोक असलेला.

"अगंबाई," बायको म्हणाली. "हा मी पंधरा दिवस शोधतेय."

"खडखडत होतं," मी म्हणालो. "म्हणून कोंबला."

अंगणातून म्हातारीने विचारलं, "काय गावलं?"

"मुद्देमाल," मिस्त्री म्हणाले आणि बनियन माझ्या हातात दिला. पण हसले नाहीत. वायर हाताने सरळ करून, सैल वळण देऊन त्यांनी बांधली. मग ओट्याच्या कडेला बसले. "साहेब, मीटर झाला. माझं काय?"

मी बनियन खिशात घालायचा प्रयत्न करत होतो, तो मावत नव्हता.

"फोनवर बोललात, फोनवरच सांगा. हितं रेंज हाय."

मी फोन लावला. पुण्याचे गृहस्थ लगेच सापडले, हे माझं नशीब. मी म्हणालो की मिस्त्रींबद्दल मी जे बोललो ते चुकीचं होतं. टायर मी बदलले होते. काटाही माझ्यामुळेच नाचत होता.

"तुमच्यामुळे म्हणजे कसा?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने टेप गुंडाळत मान हलवली, सांगा म्हणून.

"मीटरच्या मागे माझा बनियन होता."

पलीकडे शांतता. ती पहिल्या फोनच्या वेळची शांतता होती तशीच, फक्त आता तिच्यात मी होतो. मग ते सावकाश म्हणाले, "मिस्त्री शेजारी बसलेत का तुमच्या?"

खोटं बोलायचा मोह झाला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं आणि उत्तर काहीही आलं तरी पुढचा अर्थ लावला असता. संशय एकदा दुसऱ्याच्या हातात दिला की तो परत मागता येत नाही, हे मी त्या ओट्यापाशी शिकलो.

"बसलेत," मी म्हणालो. "समोरच. पण बनियन खरंच माझा आहे. असं कुणी कुणाच्या दबावाखाली सांगत नाही हो."

ते हसले. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "द्या त्यांना."

मिस्त्रींनी फोन घेतला. सुरुवातीला नुसतं "व्हय," "व्हय जी." मग गिअरबॉक्सचा विषय निघाला तसे ते उठून रस्त्यावर फेऱ्या मारायला लागले, आणि त्या गाडीच्या मागच्या ॲक्सलबद्दल इतकं बोलले की माझा फोन तापला. परत आले तेव्हा म्हणाले, "आयतवारी शेड बघाया येत्यात. द्येतील का न्हाई, काय ठावं. बघतील आदी."

त्यांनी पाहिलं. दोनदा येऊन पाहिलं, शेड पाहिली, भिंतीवरचे खडूचे आकडे पाहिले. तिसऱ्या खेपेला गाडी टेम्पोतून आली. ती उतरवताना मी तिथे होतो. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग खडू घेऊन मीटरचा आकडा भिंतीवर लिहिला आणि मला हाक मारली.

"साहेब, हितं सही करा. साक्षीदार म्हणून."

"माझी सही कशाला?"

"त्या साहेबांनीच सांगितलंय. म्हणालं, मोजणीवाल्यांचीच घ्या."

मी खडूने सही केली. तेव्हापासून माझी गाडीही शेडमध्ये गेली की आकडा भिंतीवर चढतो आणि खाली माझी सही. बरोबर मापाचे टायर त्यांनीच मागवून बसवले, सासुरवाडी पुन्हा बावन्नवर आली आहे. गाडी आत घेण्याआधी मात्र ते डॅशबोर्डच्या मागे हात घालून एकदा चाचपून बघतात, आणि मी तिथेच उभा असतानाही मला काही विचारत नाहीत.